स्वस्त ईअरबड्सचे पहिले सात दिवस

हजार ते तीन हजार रुपयांत मिळणारे ट्रू वायरलेस ईअरबड्स, म्हणजे डाव्या-उजव्या भागांना जोडणारी वायरसुद्धा नसलेले कानातले छोटे स्पीकर, घेताना नवख्या ग्राहकापुढे एक विचित्र अडचण उभी राहते. चप्पल पायात घालून बघता येते, चष्म्याची फ्रेम आरशासमोर लावून बघता येते; पण कानात घालायची वस्तू दुकानदार सहसा सील फोडून दाखवत नाही, आणि स्वच्छतेच्या दृष्टीने त्याचे ते वागणे योग्यच असते. ऑनलाइन खरेदीत तर घालून बघण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. त्यामुळे या वस्तूची खरी पारख पैसे दिल्यानंतर सुरू होते आणि ती बदलून घेण्याची किंवा परत करण्याची मुदत संपण्याआधी पुरी करावी लागते. पुढील मार्गदर्शन त्या मुदतीभोवतीच आखले आहे. मुदत सात दिवसांची आहे असे येथे धरले आहे. आपल्या बिलावर ती वेगळी असेल तर दिवस त्याप्रमाणे मागेपुढे करावेत.

घेण्यापूर्वी: खोक्यावरचे आकडे कसे वाचावेत

सर्वप्रथम आपण ईअरबड्स मुख्यतः कुठे वापरणार आहोत हे ठरवावे, कारण त्यावरून त्यांचा आकार ठरतो. या किमतीत दोन घडणी मिळतात. एकीत टोकाला सिलिकॉनचे मऊ रबर असते, ज्याला दुकानात ‘टिप’ म्हणतात. ते कानाच्या नळीत बसून बाहेरचा आवाज अडवते. दुसरीत रबर नसते, बड कानाच्या बाहेरच्या खळग्यात नुसता टेकलेला राहतो आणि आजूबाजूचे सगळे ऐकू येत राहते. लोकल, एसटी किंवा मेट्रोने रोज प्रवास करणाऱ्याने पहिली घडण घ्यावी. घरात काम करताना दाराची घंटा ऐकू यायला हवी, किंवा कानाच्या नळीत काही घातलेले सहनच होत नाही, अशांना दुसरी सोयीची. दुसऱ्या घडणीत खर्जाचा आवाज मात्र नेहमीच उणा वाटतो. कान बंद न झाल्याने तो बाहेर निसटतो, आणि त्याला कंपनीचा इलाज नाही.

यानंतर खोक्यावरच्या आकड्यांकडे वळावे. १० मिलिमीटर, १३ मिलिमीटर असे जे लिहिलेले असते, ते आतल्या ड्रायव्हरचे, म्हणजे आवाज निर्माण करणाऱ्या पडद्याचे माप होय. मोठे माप म्हणजे चांगला आवाज, असे समीकरण नाही. ब्लूटूथ ५.३ हा आकडाही आवाजाचा दर्जा सांगत नाही, तो जोडणीच्या पद्धतीची आवृत्ती सांगतो. आपल्या फोनमध्ये जुनी आवृत्ती असली तरी जोडणी होते.

सर्वांत जास्त फसगत होते ती ‘एएनसी’ आणि ‘ईएनसी’ या दोन शब्दांत. एएनसीमध्ये बडवरचा मायक्रोफोन बाहेरचा गोंगाट टिपतो, आतील चिप त्याच्या नेमकी उलट लहर तयार करते आणि दोन्ही एकमेकींना पुष्कळ अंशी शमवतात; याचा फायदा ऐकणाऱ्याला होतो. ईएनसीचा फायदा मात्र फोनवर पलीकडे असलेल्या माणसाला होतो, कारण ते आपल्या मायक्रोफोनमधून जाणारा आसपासचा आवाज कमी करते. आपल्या कानांना त्याने काहीही शांतता मिळत नाही. जाहिरातीत दोन्हींसाठी ‘नॉइज कॅन्सलेशन’ हेच शब्द मोठ्या अक्षरांत छापलेले असतात, त्यामुळे हजार-बाराशेची जोडी घेताना त्याखालची बारीक अक्षरे वाचल्याशिवाय पैसे देऊ नयेत. खरे एएनसी असले, तरी ते पंखा, एसी, बसचे इंजिन अशा सलग घरघरीवर चालते. हॉर्न, भांडण आणि फेरीवाल्याची आरोळी यांवर त्याचा फारसा प्रभाव पडत नाही. गोंगाट किती कमी होतो हे सांगताना खोक्यावर ‘३२ डेसिबलपर्यंत’ असे लिहितात (डेसिबल हे आवाजाच्या तीव्रतेचे माप); त्यातला ‘पर्यंत’ हा शब्द म्हणूनच महत्त्वाचा.

‘५० तास बॅटरी’ हा आकडा केसमधले, म्हणजे चार्जिंगच्या डबीतले तासही धरून असतो. आपल्याला हवा तो आकडा एका चार्जमध्ये बड किती तास चालतात हा, आणि तोही बहुधा मध्यम आवाजावर, एएनसी बंद ठेवून मोजलेला असतो. आयपीएक्स४ म्हणजे कोणत्याही दिशेने उडालेल्या पाण्याच्या शिंतोड्यांपासून संरक्षण, तर आयपीएक्स७ म्हणजे एक मीटर पाण्यात तीस मिनिटे बुडवण्याची चाचणी. मधला ‘एक्स’ धुळीबद्दल काही सांगितलेले नाही, एवढेच दर्शवतो. हे संरक्षण बहुतेकदा फक्त बडपुरते असते, केस त्यात येत नाही.

राहिला कोडेक, म्हणजे फोनकडून बडकडे आवाज आकुंचित करून पाठवण्याची पद्धत. एसबीसी ही पद्धत ब्लूटूथवर संगीत ऐकवणाऱ्या प्रत्येक उपकरणात असते, एएसी अनेकांत असते, आणि सोनीने विकसित केलेली एलडीएसी आवाजाचा जास्त तपशील, ९९० किलोबिट प्रतिसेकंदापर्यंत, पाठवू शकते. आयफोन एसबीसी आणि एएसी एवढेच जाणतो; आयफोनधारकाने एलडीएसीसाठी जादा पैसे मोजणे व्यर्थ आहे. माझ्या मते या किमतीत अँड्रॉइडवाल्यांनीही त्यामागे लागू नये, कारण कानात नीट न बसलेल्या बडमुळे जितका आवाज बिघडतो तितका एसबीसीमुळे बिघडत नाही.

दुकान निवडताना पहिला प्रश्न परत करण्याच्या अटींचा विचारावा. कानात घालायच्या वस्तूंबाबत ‘फक्त बदलून मिळेल, पैसे परत नाहीत’ अशी अट अनेक ठिकाणी असते, आणि ती ‘बाय’ दाबण्याआधी वाचायची असते. मुंबईचा लॅमिंग्टन रोड किंवा पुण्याची तपकीर गल्ली येथे भाव करता येतो, प्रश्न विचारता येतात, हा मोठा फायदा. पण नामवंत कंपन्यांच्या हुबेहूब नकलाही, ज्यांना बाजारात ‘फर्स्ट कॉपी’ म्हणतात, कोणत्याही अशा बाजारपेठेत समोर येऊ शकतात. पंधरा हजारांच्या वस्तूची नऊशे रुपयांची प्रत घेण्यापेक्षा बोट, नॉइज, रिअलमी, वनप्लस, जेबीएल, सीएमएफ यांसारख्या कंपन्यांची त्यांच्या स्वतःच्या नावाची साधी जोडी केव्हाही बरी. निदान हमीपत्र खरे असते. खोक्यावर कमाल किरकोळ किंमत, उत्पादनाचा महिना आणि वर्ष, मूळ देश आणि तक्रारीसाठी संपर्क छापलेला असणे कायद्याने आवश्यक आहे. भारतीय मानक ब्यूरोच्या खुणेसोबत ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक दिसला, तर तो ब्यूरोच्या ‘बीआयएस केअर’ या ॲपवर तपासता येतो.

पहिला दिवस: उघडणे, जोडणे आणि टिप्स बसवणे

खोके उघडताना मोबाइलवर सलग चित्रीकरण करावे. आत एक बड नसणे किंवा केसचे झाकण तडकलेले असणे असे प्रकार घडतात, आणि मग चित्रीकरणावाचून आपल्या शब्दाला फारशी किंमत राहत नाही. बिल, खोके आणि न वापरलेल्या टिप्स सात दिवस जपून ठेवाव्यात. बडच्या धातूच्या टोकांवर बहुधा पारदर्शक कागदाचा तुकडा चिकटवलेला असतो. तो काढला नाही तर बड चार्जच होत नाहीत, आणि ‘बिघडलेली वस्तू आली’ अशी तक्रार करण्यात नवख्याचा पहिला दिवस जातो.

दोन्ही बड केसमध्ये ठेवून पूर्ण चार्ज करावेत. मग झाकण उघडून, माहितीपुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे बटण काही सेकंद दाबून, फोनच्या ब्लूटूथ यादीत त्यांचे नाव दिसेपर्यंत थांबावे आणि त्यावर टिचकी मारावी. एकाच कानात आवाज येत असेल तर घाबरू नये: फोनच्या यादीतून ते नाव काढून टाकावे, दोन्ही बड केसमध्ये परत ठेवावेत, पुस्तिकेतील रीसेटची कृती करावी आणि जोडणी पुन्हा पहिल्यापासून करावी. बहुतेक वेळा डाव्या-उजव्याची आपसातली जोडी तुटलेली असते, ती अशी पुन्हा जुळते. कंपनीचे ॲप असेल तर ते घेऊन उपलब्ध अपडेट पहिल्याच दिवशी करून टाकावा, म्हणजे पुढच्या चाचण्या वस्तूच्या अंतिम रूपावर होतील.

आता टिप्स. या संपूर्ण लेखातला सर्वांत कंटाळवाणा आणि सर्वांत उपयोगाचा भाग हाच आहे. खोक्यात लहान, मध्यम आणि मोठ्या अशा तीन जोड्या येतात. मध्यम आधीच बसवलेली असते आणि पुष्कळजण बाकीच्या दोन उघडूनही पाहत नाहीत. बड कानात घालताना दुसऱ्या हाताने कान किंचित वर आणि मागे ओढावा, बड आत सरकवून हलकेच फिरवावा आणि मग कान सोडावा. बसणे बरोबर असेल तर स्वतःचे बोलणे हंड्यात तोंड घालून बोलल्यासारखे घुमते आणि पंख्याची घरघर एकदम मागे जाते. मान झटकून, जांभई देऊन, एखादा घास चावून पाहावे. बड सैल होत असेल तर मोठी टिप, पाच-दहा मिनिटांत कान दुखू लागला तर लहान टिप घ्यावी. दोन्ही कान सारखे असतातच असे नाही. डाव्याला मध्यम आणि उजव्याला लहान लागली तर त्यात काही चुकीचे नाही. ‘बास अजिबात नाही’ असे म्हणून लोक जी जोडी नापास करतात, तिच्यात पुष्कळदा दोष असतो तो टिपच्या मापाचा. म्हणून तिन्ही मापे करून पाहिल्याशिवाय आवाजाबद्दल मत बनवू नये.

दुसरा दिवस: शांत खोलीत ऐकणे

परीक्षेसाठी नवे गाणे निवडू नये. जे वर्षानुवर्षे ऐकले आहे, ज्यातला प्रत्येक श्वास माहीत आहे, तेच लावावे. तबल्याची साथ असलेला एखादा ख्याल लावला तर डग्ग्याचा घुमारा आणि चाटेवरचा बोल वेगवेगळे ऐकू येतात का, हे कळते. स्वस्त बड घुमारा इतका फुगवतात की बोल त्यात बुडून जातो. तानपुऱ्याच्या तारांची झंकार सलग वाहत राहिली पाहिजे, तिचा नुसता भुंगा होता कामा नये. भजनातले टाळ ही वरच्या पट्टीच्या आवाजाची उत्तम कसोटी आहे: किणकिण स्वच्छ असली तर ठीक, फोडणी तडतडल्यासारखी वाटली तर दोष समजावा. ढोलकी आणि घुंगरू एकत्र असलेल्या लावणीत ही दोन्ही टोके एकदमच तपासली जातात.

बोललेल्या आवाजासाठी मराठी भाषेतच एक सोपी परीक्षा आहे. कोणाकडून तरी ‘चाळीतले चाळीस जण’ एवढेच शब्द मोबाइलवर रेकॉर्ड करून घ्यावेत. ‘चाळ’मधला च दातांजवळचा आणि ‘चाळीस’मधला टाळूजवळचा, ‘जण’मधला जदेखील दातांजवळचाच. हे फरक वरच्या पट्टीच्या आवाजातून कळतात. ते सहज ऐकू आले तर बातम्या, पॉडकास्ट आणि पुस्तकांचे वाचन या जोडीवर सुखाने ऐकता येईल. प्रत्येक ‘स’ आणि ‘श’ कानाला बोचत असेल, तर तासाभराच्या ऐकण्याने डोके दुखेल हे निश्चित.

जुन्या वायरच्या इअरफोनशी तुलना करायची असेल तर दोन्हींचा आवाज कानाला सारखा वाटेल एवढा जुळवून घ्यावा. जे थोडे मोठ्याने वाजते ते माणसाला आपोआप चांगले वाटते. ॲपमध्ये इक्वलायझर, म्हणजे खर्जाचा आणि वरच्या पट्टीचा आवाज वेगवेगळा कमी-जास्त करण्याची सोय, असेल तर कमी कंपनसंख्येच्या पट्ट्या दोन-तीन टप्प्यांनी खाली आणून पाहाव्यात. या किमतीतल्या अनेक जोड्या तेवढ्यानेच सुधारतात.

तिसरा दिवस: फोन आणि लॅपटॉप

आपण समोरच्याला कसे ऐकू जातो हे आपल्याला कळत नाही, म्हणून घरातल्याच एखाद्याला दुसऱ्या खोलीतून फोन लावायला सांगावे आणि तीन ठिकाणांहून बोलावे: बंद खोली, पंख्याखाली आणि रस्त्याकडेची गॅलरी. ‘ऐकू येतंय का?’ एवढे विचारून थांबू नये. एखादा दहा आकडी क्रमांक सांगून तो परत म्हणायला लावावा. गॅलरीतही क्रमांक बरोबर पोहोचला तर ईएनसी उपयोगाचे आहे.

लॅपटॉपवर बैठक किंवा वर्ग सुरू होताच गाण्यांच्या वेळचा भरीव आवाज एकदम जुन्या टेलिफोनसारखा कोरडा होतो, आणि नवखा वापरणारा वस्तू खराब निघाली असे समजतो. बिघाड नसतो. बडचा मायक्रोफोन चालू झाला की ब्लूटूथला दोन्ही दिशांनी आवाज न्यावा लागतो, त्यासाठी ते संगीताची स्टीरिओ पद्धत सोडून संभाषणाच्या कमी दर्जाच्या पद्धतीवर जाते. स्वस्त असोत वा महाग, बहुतेक जोड्या असेच वागतात. उपाय सोपा आहे: बैठकीच्या सेटिंगमध्ये मायक्रोफोन म्हणून लॅपटॉपचाच निवडावा आणि ऐकण्यासाठी ईअरबड्स ठेवावेत.

याच दिवशी एखादी चित्रफीत पाहून ओठ आणि शब्द जुळतात का तेही बघून घ्यावे. चित्रफिती दाखवणारी बहुतेक ॲप्स ब्लूटूथचा विलंब सांभाळून घेतात, खेळ मात्र सांभाळत नाहीत. मोबाइलवर नेमबाजीचे खेळ खेळणाऱ्याने हा विलंब कमी करण्यासाठी दिलेला ‘गेमिंग मोड’ लावून स्वतः पडताळावे.

चौथा दिवस: घराबाहेर

नेहमीच्या प्रवासाला नेहमीच्याच वेळी ईअरबड्स लावून निघावे. गर्दीच्या स्थानकावर आवाज क्षणभर तुटतो का, याकडे लक्ष द्यावे. ब्लूटूथ ज्या २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालते त्याच पट्ट्यात वायफायही चालते, आणि आसपास शेकडो फोन असतात. शिवाय या लहरी माणसाच्या शरीरातून सहज पार होत नाहीत. फोन मागच्या खिशातून काढून वरच्या खिशात किंवा दुसऱ्या बाजूला ठेवल्यावर तुटणे थांबले तर जोडी ठीक आहे. फोन हातात धरूनही तुटत असेल तर ती परत करण्याच्या लायकीची आहे.

एएनसी असेल तर ते बंद-चालू करून फरक ऐकावा. लोकलच्या डब्यात रुळांचा खोल गडगडाट कमी होतो, शेजारच्यांच्या गप्पा राहतात. चालताना वाऱ्याचा फडफडाट उलट वाढला, तर तेथे एएनसी बंद ठेवणेच बरे.

गोंगाटात आवाज नकळत वाढवला जातो, म्हणून प्रवासात आपला हात कोणत्या पातळीवर स्थिरावतो ते फोनच्या पट्टीवर पाहावे. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी आठवड्याला ४० तास ८० डेसिबल आणि मुलांसाठी तितकेच तास ७५ डेसिबल ही मर्यादा सांगितली आहे. दर तीन डेसिबल वाढीमागे सुरक्षित वेळ निम्मा होतो, म्हणजे ८३ डेसिबलला २० तास आणि ८६ ला १० तास. नीट बसणाऱ्या टिप्सचा खरा मोबदला येथे मिळतो: बाहेरचा गोंगाट अडला की कमी आवाजातही गाणे पुरते. रस्ता किंवा रेल्वे फाटक ओलांडताना मात्र दोन्ही बड काढून हातात घ्यावेत. एक ठेवून एक काढला तर आवाज कोणत्या बाजूने येतो आहे हे कळत नाही.

पाचवा आणि सहावा दिवस: बॅटरी आणि निर्णय

पूर्ण चार्ज केलेले बड सकाळी कानात घालून, आपल्या नेहमीच्या आवाजावर, एएनसी ज्या स्थितीत वापरणार त्या स्थितीत, बंद पडेपर्यंत चालवावेत. मध्ये थांबलात तर तेवढा वेळ वजा करावा. कंपनीने सात तास म्हटले आणि पाच मिळाले तर ते चालवून घेता येईल. तीनच मिळाले, किंवा एक बड दुसऱ्यापेक्षा तासभर आधी बंद पडला, तर मात्र वस्तू सदोष समजावी. या बॅटऱ्या अतिशय लहान असतात आणि वापराबरोबर त्यांची क्षमता घटतच जाते, त्यामुळे पहिल्याच आठवड्यातली उणीव पुढे भरून निघत नाही. बड केसमध्ये ठेवून रात्रभराने त्यांची टक्केवारी पाहावी. चुंबकावर नीट न बसणारा एखादा बड सकाळी रिकामा सापडतो.

सहाव्या दिवशी संध्याकाळी निर्णय घ्यावा, सातव्या दिवसावर टाकू नये, कारण परतीची नोंदणी मुदतीच्या आत व्हावी लागते. कान दुखणे, जोडणी तुटणे, एका बाजूचा आवाज कमी असणे आणि बॅटरीतली मोठी तफावत, या चार कारणांपैकी एक असले तरी जोडी परत करावी. आवाजाचा बाज थोडा न आवडणे हे कारण मी त्यात धरत नाही. तो इक्वलायझरने बदलतो. विक्रेता दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर बिल आणि चित्रीकरण हाताशी ठेवून तक्रार नोंदवता येते.

ठेवून घेतले तर

कानातला मळ जाळीवर साचला की त्या बाजूचा आवाज हळूहळू कमी होतो. आठवड्यातून एकदा टिप्स काढून साबणाच्या पाण्याने धुवाव्यात आणि पूर्ण वाळवून मगच लावाव्यात. जाळी कोरड्या मऊ ब्रशने, बड उलटा धरून साफ करावी, टाचणी कधीही घालू नये. मुंबई-कोकणच्या दमट हवेत घामाचा आणि चार्जिंगच्या धातूच्या टोकांचा फार वाईट मेळ जमतो. माझ्या पहिल्या जोडीचा डावा बड चार महिन्यांत मुका झाला होता आणि मी ती टाकून देणार होतो. केसमधल्या पिनांवर घामाचा हिरवट थर बसला होता, तो कोरड्या कापसाच्या काडीने खरवडताच बड पुन्हा चार्ज होऊ लागला. पावसात भिजलेले किंवा व्यायामानंतर घामेजलेले बड पुसल्याशिवाय केसमध्ये ठेवू नयेत, मग खोक्यावर आयपीएक्सचा कोणताही आकडा असो.

एक बड हरवल्यास आधी फोनच्या ब्लूटूथ यादीत तो अजून जोडलेला दिसतो का ते पाहावे. दिसत असेल तर मोठ्या आवाजात काहीतरी लावून सोफ्याच्या फटी आणि खिसे तपासावेत. काही कंपन्या सुटा बड विकतात, पण त्याची किंमत नव्या जोडीच्या निम्म्याहून जास्त निघाली तर नवी जोडी घेणेच योग्य. जुनी जोडी घरच्या कचऱ्यात टाकू नये, कारण तिच्यातील लिथियमच्या बॅटऱ्या दाबल्या किंवा चिरडल्या गेल्यास पेट घेऊ शकतात. ती ई-कचरा स्वीकारणाऱ्या केंद्राकडे द्यावी.